एक जूनची माणसं

नव्या यंत्राने पहिल्याच सकाळी तीनशे बारा इशारे दिले. ते मोजायचे कष्ट पद्मनाभ गलगलींना पडले नाहीत. यंत्राने शेवटी स्वतःच आकडा सांगितला, आणि त्याखाली असंही सांगितलं, की चूक मात्र एकही नाही.

"चूक नाही आणि तक्रारी तीनशे बारा," यमुना कट्टी म्हणाली. "आमच्या सासूबाईच बसल्यात की हो आत."

पद्मनाभ हसले नाहीत. हसायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं, तोवर वेळ निघून गेली होती. गेले सहा महिने त्यांचं असंच चाललं होतं.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या माडीवर शिक्षण मंडळाची संगणकाची खोली होती. मंडळाच्या हुबळी-धारवाड भागात अकरा शाळा. एक्क्याऐंशी साली मंडळाने दोन कपाटांएवढा संगणक घेतला, तेव्हा गणिताचे मास्तर असलेल्या पद्मनाभांना त्याच्यापुढे बसवलं. ते बसले ते बसलेच. सी भाषा ते एका पुस्तकावरून शिकले. यमुना परीक्षा विभागातली. वय चाळिशीचं, रोज धारवाडहून बसने येणारी. ती त्यांच्याकडून शिकली, आणि दोन वर्षांत त्यांच्या चुका काढायला लागली.

दोघांनी मिळून 'सामाईक' तयार केलं होतं. सामाईक म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या एकशे चाळीस लहान लहान फंक्शनांची लायब्ररी. दोन तारखांमधले दिवस मोजणं, नावं ओळीत बसवणं, यादी क्रमाने लावणं अशी कामं एकदाच नीट लिहून ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. मंडळाची कचेरी, परीक्षा विभाग आणि मुलींचं वसतिगृह, तिघांचे प्रोग्राम सामाईकवर उभे होते. त्यामुळे त्यात कुणी एकट्याने हात घालायचा नाही, असा नियम होता. त्यासाठी एक लांबट वही होती. तारीख, काय बदललं, का बदललं आणि कोणी सुचवलं असे चार रकाने. खाली दोघांच्या सह्या. सही नाही तर बदल नाही.

आता अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात कपाटांएवढा संगणक जायचा होता. त्याच्या जागी टेबलावर मावणारे दोन आले होते. आणि मंडळाचे चिटणीस बाळाचार्य मुतालिक, ज्यांची निम्मी हयात धारवाडच्या कोर्टात वकिलीत गेली होती, त्यांनी गुरुवारी खोलीत येऊन अट घातली होती.

"गलगली, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण दोन गोष्टी मी डोळ्यांनी बघू शकतो. एक, पडद्यावर एकही इशारा दिसता कामा नये. दुसरं, शिक्षकांची वयाप्रमाणे ज्येष्ठता यादी जुन्या यंत्रावर काढा आणि नव्यावर काढा. दोन्ही ओळीला ओळ जुळल्या पाहिजेत. सोमवारी कमिटी बसते. जुळलं तर तुमचं सामाईक राहील. नाहीतर विक्रेत्याकडे तयार पॅकेज आहे, ते घेऊ."

"आणि सामाईक?"

"बांधून ठेवायचं. तुमचंही वर्षच राहिलंय. दाजीबानपेठेतल्या आपल्या पुस्तक भांडारात सावलीत बसा की आरामात."

बाळाचार्य हे वाईट मनाने म्हणाले नव्हते. पण पद्मनाभांना तो आराम नको होता. भांडार पाच वाजता बंद होई. पाच वाजता घरी जाऊन करायचं काय? पत्नी हेमावती वारल्यापासून ते सकाळी साडेआठला माडीवर येत आणि शिपाई दाराशी किल्ल्या वाजवायला लागला की उठत. घर झोपण्यापुरतं होतं. शेजारच्या गोदूबाई डबा आणून ओट्यावर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी निम्मा भरलेला परत नेत. सामाईकमध्ये काही ना काही दुरुस्तीला असायचंच. म्हणून दिवस सरत होते. ते बांधून ठेवलं, तर दिवसही बांधून ठेवल्यासारखेच झाले असते.

हे ते कुणाला बोलले नव्हते. यमुनेला न सांगता ठाऊक होतं. म्हणून ती गुरुवारपासून शेवटची बस धरत होती.

"विक्रेत्याचा माणूस म्हणत होता, इशारे बंद करायची सोय असते," ती म्हणाली. "एक खूण घातली की सगळे गप्प."

"मग बाळाचार्यांना पडदा स्वच्छ दिसेल."

"दिसेल की."

"आणि आतली ओल तशीच राहील," पद्मनाभ म्हणाले. "नको. एकेक काढू. पहिला कुठला आहे, वाच."

इशारे बहुतेक साधेच निघाले. जुना कम्पायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, भला माणूस होता. फंक्शनला काय द्यायचं, त्याच्याकडून काय यायचं, हे आधी सांगितलं नाही तरी तो सांभाळून घेई. नवा कम्पायलर सरकारी कारकुनासारखा. प्रत्येक गोष्ट आधी लेखी पाहिजे. तेवढं लेखी देण्यात शंभर-सव्वाशे इशारे गेले. काही ठिकाणी फंक्शन उत्तर देतो म्हणून सांगे आणि रिकाम्या हाताने परत येई. काही ठिकाणी एखादा चल, म्हणजे आकडा ठेवायचा नावाचा कप्पा, आणून बसवलेला, पण त्याला कामच नव्हतं.

"हा एक बघा सर. एकोणीसशे ब्याऐंशीपासून बसून आहे. काही करत नाही, काही बोलत नाही."

"कुणी आणला त्याला?"

यमुनेने वही चाळली. "तुम्ही. सही माझीही आहे. काढू?"

"काढ."

शुक्रवारी दुपारी खरा मासा गळाला लागला. यंत्र म्हणत होतं, मोठा आकडा लहान जागेत ठेवताय, अंक सांडतील. असे चाळीसेक इशारे एकट्या तारखांच्या फंक्शनांत होते. पद्मनाभांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण जुन्या यंत्रावर सात वर्षं एक अंक सांडला नव्हता. यमुनेने म्हटलं, चालवून तर बघू. तिने निवृत्तीच्या तारखा छापायला लावल्या आणि एकदम तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"हलगेकर सीताबाई. जन्म एक जून एकोणीसशे एक्कावन्न. निवृत्ती," तिला पुढे वाचवेना, "निवृत्ती पंचवीस डिसेंबर अठराशे एकोणतीस."

पद्मनाभांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तसंच होतं. सीताबाई जन्माला यायच्या सव्वाशे वर्षं आधी, कंपनी सरकारच्या राज्यात, निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याबरोबर मंडळाचे जवळजवळ सगळे शिक्षक.

कारण कागदावर मांडल्यावर दहा मिनिटांत सापडलं. सामाईक तारीख ठेवायचं ती एकोणीसशे सालापासून किती दिवस झाले ते मोजून. जुन्या यंत्रात साध्या आकड्याला ऐसपैस जागा होती. नव्यात ती बत्तीस हजार सातशे सदुसष्टला संपे. तेवढे दिवस एकोणनव्वदच्या सप्टेंबरात भरतात. त्यानंतरची कुठलीही तारीख वळून मागे, थेट एकशे ऐंशी वर्षं.

"तुमची तारीख बघा, बरोबर आलीये," यमुना म्हणाली. "एकतीस मे एकोणनव्वद. थोडक्यात वाचलात. आणि ही सीताबाई खरंच इतक्या लवकर निवृत्त झाली असती, तर बिचारीला अळणावरकडे बदलीवर तरी जावं लागलं नसतं."

पद्मनाभांनी नजर पुन्हा कागदाकडे वळवली. दिवस मोजणाऱ्या प्रत्येक आकड्याला मोठी जागा देत ते संध्याकाळपर्यंत बसले. मग वहीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या.

शनिवारी दुपारी बारा वाजता पडद्यावर शून्य आलं. इशारे शून्य, चुका शून्य. यमुनेने खालून दोन चहा मागवले, आणि आपल्या पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला.

"धारवाडहून सकाळीच घेऊन निघाले होते," ती म्हणाली. "नसतं जमलं तर परत नेऊन पोरांना दिले असते."

मग यादी काढली. आधी नमुन्याची, पन्नास मनच्या नावांची आणि मनच्या तारखांची. दोन्ही यंत्रांवर अगदी एकसारखी. मग खरी, चारशे बारा शिक्षकांची. दोन्ही छापील याद्या अखंड कागदावर होत्या, घड्या उलगडल्या की लांबच लांब. टेबलावर मावेनात, म्हणून दोघांनी त्या बाहेरच्या व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खडूचे डबे ठेवले, आणि चपला काढून गुडघ्यांवर बसून दोघं पुढे पुढे सरकू लागले.

"एक, जुळलं. दोन, जुळलं."

अकराव्या ओळीला यमुना थांबली. "तुमच्याकडे अकरावं कोण?"

"वेंकटेश जोशी."

"माझ्याकडे कृष्णाबाई."

व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत एकसष्ट ओळी जुळल्या नव्हत्या. पद्मनाभ तिथेच भिंतीला टेकून बसले.

"यंत्र नीट क्रम लावत नाही," ते म्हणाले.

"लावतं. तारखा बघा, चढत्याच आहेत. दोन्हीकडे." यमुना पुन्हा सुरुवातीपासून चालत आली, या वेळी बोटाने फक्त जन्मतारखा दाखवत. "सर, हे बघा. न जुळलेली प्रत्येक ओळ एक जूनची आहे. एक जून एक्केचाळीस. एक जून अठ्ठेचाळीस. एक जून एक्कावन्न, एक जून एक्कावन्न, एक जून एक्कावन्न. हे काय, सगळा जिल्हा एकाच दिवशी जन्मला?"

पद्मनाभांनी डोळे मिटले आणि मग त्यांना हसू आलं. आधी नुसता श्वास हलला, मग खांदे. यमुना घाबरून बघत राहिली.

"अहो, काय झालं?"

"हेमानं केलंय हे," ते म्हणाले.

हेमावती गलगली जुन्या हुबळीतल्या मंडळाच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं होती, शेवटी मुख्याध्यापिका. मुलांची आणि आयांची ती अक्कोर, म्हणजे कानडीत शाळेच्या बाई. जूनच्या आरंभी शाळा उघडायची. आया पोरांना धरून दारात ओळीने उभ्या राहायच्या. जन्म कधीचा, असं विचारलं की कुणी म्हणे, ऐदु वर्ष आयतु री अक्कोर, झाली की पाच वर्षं. तारीख कुणालाच माहीत नसे. आणि एक जूनला पाच पुरी पाहिजेत हा तर नियम. मग अक्कोर पाच मागे मोजायची आणि लिहायची, एक जून. तिच्या आधीचे मास्तरही तेच करत आणि नंतरचेही. ही मुलं मोठी झाली, त्यातली कितीतरी मंडळाच्याच शाळांत शिक्षक म्हणून लागली, आणि आपापली एक जून बरोबर घेऊन आली.

"मीही एक जूनचाच," पद्मनाभ म्हणाले. "कुठल्या मास्तरानं लिहिली कोण जाणे. म्हणून तर एकतीस मेला निवृत्त होतोय."

"म्हणजे आपली नमुन्याची यादी पुस्तकातली होती," यमुना म्हणाली. "प्रत्येकाची तारीख वेगळी. म्हणून ती जुळली."

मग कारण उघडच होतं. यादी लावणारं त्यांचं फंक्शन स्वतः क्रम लावत नसे. ते काम कम्पायलरसोबत आलेल्या तयार फंक्शनचं. ते दोन नोंदी पुढे करून विचारी, यातलं आधी कोण? सामाईक तारखा बघून उत्तर देई. तारखा सारख्या असल्या, की उत्तर जाई, दोघं सारखेच. मग तयार फंक्शन त्या दोघांना आपल्या सोयीने ठेवून देई. जुन्याची सोय वेगळी, नव्याची वेगळी. दोघांतलं कुणीच चुकत नव्हतं.

यमुनेने पेढ्याचा पुडा बंद केला. "सोपं आहे. जुनी यादी जुळायलाच पाहिजे ना? मग जुन्या यादीतला अनुक्रम प्रत्येकाच्या नोंदीत टाकू. तारीख सारखी आली की नवं यंत्र तो बघेल. अर्ध्या तासाचं काम. सोमवारी ओळीला ओळ जुळेल, बाळाचार्य खूश, सामाईक राहिलं."

"हो," पद्मनाभ म्हणाले.

"करू?"

ते व्हरांड्यातल्या कागदाकडे बघत होते. जुन्या यादीत एक जून एक्कावन्नचे सात जण होते. त्यात राघवेंद्र कुलकर्णी चौथे आणि सीताबाई हलगेकर पाचव्या. मंडळात बदली करताना वयाने धाकट्याला आधी पाठवत. तीन वर्षांपूर्वी अळणावरच्या बाजूच्या एका शाळेवर कुणीतरी पाठवायचं होतं. राघवेंद्र वरती म्हणून हुबळीत राहिले, सीताबाई खाली म्हणून गेल्या. जायच्या आधी त्या याच व्हरांड्यात आल्या होत्या. तारीख एकच आणि नोकरीलाही मी आधी लागले, मग मी खाली कशी सर, असं त्यांनी विचारलं होतं.

आणि पद्मनाभांनी सांगितलं होतं, "यंत्र चुकत नाही हो, सीताबाई."

त्या जिना उतरून गेल्या. गेल्या नोव्हेंबरात हेमावती गेली, तेव्हा अक्कोरना बघायला त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

"उद्या सांगतो," पद्मनाभ म्हणाले.

"उद्या रविवार."

"मग परवा सकाळी लवकर ये."

रविवारी सकाळी त्यांनी हेमावतीची पत्र्याची ट्रंक उघडली. सहा महिने ती पलंगाखाली होती, आणि केर काढताना ते झाडू तिच्या भोवतीने फिरवत. वर शाली, खाली वह्या. ती रोज शाळेतून आल्यावर काहीतरी लिहीत बसायची, एवढं त्यांना माहीत होतं. काय लिहितेस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिनेही सामाईक म्हणजे काय, हे विचारलं नव्हतं. दोघं एकाच दिव्याखाली आपापलं काम करत बसायची.

सर्वांत जुनी वही छप्पन सालची. रजिस्टरात एक जून लिहून झाल्यावर आई काय म्हणाली, ते हेमावतीने या वहीत उतरवून ठेवलं होतं.

'गोपाळ. सिद्धारूढांच्या जत्रेत, रथ हलला तेव्हा.'

'यल्लव्वा. विहिरीला पाणी लागलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी. विहीर कुठली ते विचारायचं राहिलं.'

'रामू. थोरल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. थोरला कधीचा विचारलं, तर रामूपेक्षा दोन वर्षांनी मोठा.'

पद्मनाभ मोठ्याने हसले. डबा घेऊन आलेल्या गोदूबाई दारातच थबकल्या.

"काय हो, कोण आलंय?"

"कुणी नाही. हेमाची वही वाचतोय."

"मग वाचा, वाचा," गोदूबाई म्हणाल्या आणि डबा ठेवून, आवाज न करता गेल्या.

'सीता. बनशंकरीच्या जत्रेहून परतताना बैलगाडीत. गाडी थांबवायला कुणी तयार नव्हतं.' म्हणजे पौषातली पोर. एक जूनशी काही संबंध नाही.

त्या पानाच्या खाली हेमावतीने रेघ मारून लिहिलं होतं, 'या वर्षी एकाच तारखेची अकरा मुलं. हजेरीत आधी कुणाचं नाव? जी आई दारात आधी आली, तिचं मूल आधी. नाहीतर मला वाटेल ते आधी असं होईल, आणि ते बरं नव्हे.'

पद्मनाभांनी ते दोनदा वाचलं. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, हा प्रश्न तिला पडला होता. त्यांना सात वर्षांत पडला नव्हता. त्यांनी तो प्रश्न यंत्राला दिला होता आणि यंत्राने त्याच्या सोयीने सोडवला होता.

शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांचंही नाव सापडलं. 'यांचं. सासूबाई म्हणतात, कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.' त्या दिवशी दरवर्षी घरात शेवयांची खीर व्हायची. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हेमाला शेवया आवडत असतील, असं ते समजत होते.

गोदूबाईंनी आणलेला डबा त्यांनी त्या दिवशी सगळा संपवला.

सोमवारी साडेआठला यमुना आली, तेव्हा बदल करून झाला होता. दोन ओळींचा. तारखा सारख्या आल्या, तर नोकरीत रुजू झाल्याचा क्रमांक बघ. तो ज्याचा लहान, तो आधी. तो क्रमांक प्रत्येकाच्या नोंदीत पहिल्यापासून होता. कुणी त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

"सर, हे जुन्या यादीशी जुळणार नाही."

"नाही जुळणार. पण कुठल्याही यंत्रावर हेच येईल."

"सामाईक जाईल. तुम्ही भांडारात बसाल. मी इथे त्या तयार पॅकेजसमोर." तिचा आवाज चढला. "तीन दिवस आपण गुडघे घासले ते कशाला?"

पद्मनाभांनी तिच्यापुढे छप्पन सालची वही ठेवली, रेघेखालच्या ओळींवर बोट ठेवून. यमुनेने वाचलं. मग सीताबाईंची ओळही वाचली.

"गाडी थांबवली नाही म्हणजे काय," ती पुटपुटली. "कसली माणसं." आणि लांबट वही ओढून घेतली. "कुठे सही करायची?"

"कमिटी झाल्यावर. आधी बघू, राहतं का."

अकरा वाजता बाळाचार्य आले. बरोबर कमिटीचे दोघं, आणि टाय लावलेला विक्रेत्याचा माणूस. पडद्यावर शून्य इशारे बघून बाळाचार्यांनी मान डोलावली. मग याद्या हातात घेतल्या, आणि अकराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"गलगली, हे जुळत नाही."

"नाही जुळत. एकसष्टच्या आसपास ओळी वेगळ्या आहेत. जुनी यादी बरोबर नव्हती." पद्मनाभांनी सगळं सांगितलं. एक जूनचं सांगितलं, यंत्राच्या सोयीचं सांगितलं, आणि शेवटी सीताबाईंचंही. "ती विचारायला आली होती. यंत्र चुकत नाही म्हणून मी परत पाठवली. चूक माझी होती."

बाळाचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सात वर्षं मी ज्या यादीवर सह्या केल्या, ती नशिबावर लागलेली होती?"

"जिथे तारीख सारखी, तिथे हो."

"हे तुम्ही आत्ता सांगताय. इतक्या उशिरा."

"मला आत्ताच कळलं."

विक्रेत्याचा माणूस खाकरला. "म्हणूनच साहेब, आमचं पॅकेज. जगभर चालतं. असले घोळ नाहीत."

"मग चालवा की," यमुना एकदम म्हणाली. "दुसऱ्या यंत्रावर घातलंय ना तुम्ही? हीच चारशे बारा नावं घ्या आणि लावा जन्मतारखेनं."

त्याने आनंदाने लावली. छापणीयंत्र दहा मिनिटं करकरत राहिलं. बाळाचार्य स्वतः व्हरांड्यात आले, आणि तिन्ही याद्या शेजारी शेजारी अंथरायला लावल्या. धोतर सावरत ते वाकून चालू लागले. एक जून एक्कावन्नपाशी थांबले. जुन्या यादीत सीताबाई पाचव्या, पद्मनाभांच्या नव्या यादीत तिसऱ्या, पॅकेजच्या यादीत सातव्या.

"हिला सातवी का ठेवली?" बाळाचार्यांनी विचारलं.

"तारीख एकच आहे ना साहेब. मग कोणीही कुठंही येऊ शकतं."

"कोणीही कुठंही?" बाळाचार्यांचा आवाज कोर्टातला झाला. "बरं. नोकरीत आधी लागलेला आधी, असं करा बघू त्यात."

"ते आतलं आहे. आम्हाला बदलता येत नाही. कंपनीला कळवावं लागेल."

"कंपनी कुठे आहे?"

"परदेशात."

बाळाचार्य सरळ उभे राहिले. कमिटीच्या दोघांकडे पाहिलं. "परदेशात कळवायचं, की आमची सीताबाई रुजू आधी झाली होती म्हणून. पोचेपर्यंत ती निवृत्त होईल."

"अठराशे एकोणतीसलाच झाली होती," यमुना पद्मनाभांच्या कानाशी म्हणाली. त्यांना या वेळी वेळेवर हसू आलं, आणि ते खोकल्यात दडवावं लागलं.

"गलगली," बाळाचार्य म्हणाले, "तुमचं तेवढं दोन ओळींत झालं ना? राहू दे मग तुमचंच. ज्यात चूक सापडली तर इथल्या इथे दुरुस्त करता येते, ते मला बरं. सीताबाईंचा कागद जूनच्या बदल्यांत माझ्यासमोर आणा. आणि तुम्ही निवृत्त व्हायच्या आत हे सगळं या बाईंना नीट समजावून ठेवा."

"त्यांना माझ्याहून जास्त समजतं," पद्मनाभ म्हणाले.

"ते दिसलं आत्ता," असं म्हणून बाळाचार्य जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरून थांबले, मागे न बघता बोलले, "माझीही एक जूनच आहे हो. आमच्या गावच्या मास्तरांनी लिहिली," आणि काठी टेकत खाली गेले.

व्हरांडा रिकामा झाल्यावर यमुनेने याद्या गोळा केल्या. पद्मनाभांनी लांबट वही उघडली. तारीख लिहिली. काय बदललं, ते लिहिलं. का बदललं, तेही लिहिलं. मग चौथ्या रकान्यापाशी, कोणी सुचवलं, तिथे जरा थांबले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'हेमावती गलगली, मुख्याध्यापिका, जुनी हुबळी.'

त्यांनी सही केली आणि वही पुढे सरकवली. यमुनेने चौथा रकाना वाचला, खाली आपली सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग परवाचा पेढ्यांचा पुडा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"शिळे झालेत थोडे," ती म्हणाली. "चालतील?"

"चालतील की."

पाच वाजले होते. शिपायाने अजून किल्ल्या वाजवल्या नव्हत्या. पद्मनाभांनी यंत्र बंद केलं, चपला घातल्या, आणि घरी जाताना वाटेतल्या दुकानात शेवयांचा एक पुडा मागितला. कार्तिक लांब होता, पण खीर करायला शिकायचं, तर सुरुवात आतापासून करायला हवी होती.